सहावी वाटी

श्रीकेसोनाथ महाराज मूळचे गोदाकाठचे. पण मंडळी, साधूचे पाय एका काठावर कुठे ठरतात! चौलच्या बंदरात घोडे उतरवून व्यापाऱ्यांचे गलबत परत निघाले होते. महाराज त्यात जाऊन बसले आणि थेट इराणात उतरले. तिथल्या किरमाण सुभ्यात देहबादाम नावाचे डोंगराखालचे एक गाव. त्या गावात एका बदामाच्या झाडाखाली महाराजांनी आसन मांडले, ते दोन वर्षे हलले नाही. तिथली बोली त्यांच्या तोंडी बसली आणि गावकरी त्यांना 'हिंदचे बाबा' म्हणू लागले.

आता त्या मुलखाची एक गोष्ट आधी ध्यानात घ्या, म्हणजे पुढचे कळेल. तिथे नदी नाही, पाऊस नावाला. डोंगराच्या पोटातून कोसभर भुयार खणायचे आणि त्यातून झऱ्याचे पाणी गावापर्यंत आणायचे. ते पाणी शेतांना पाळीने वाटायचे, तेही तांब्याच्या एका वाटीने! आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र ठेवतात ना, अगदी तस्से. वाटीच्या बुडाला बारीक भोक. वाटी पाण्याच्या परातीत सोडायची, ती भरून बुडाली की एक पाळी संपली.

ही वाटी राखायचे काम मुराद नावाच्या म्हाताऱ्याकडे होते. चाळीस वर्षे! पाण्यावर हात ठेवून त्याने शपथ घेतली होती आणि सख्ख्या भावाच्या शेतालाही कधी थेंब जास्त जाऊ दिला नव्हता. रोज सकाळी भुयाराच्या मुखाशी पहिला तांब्या भरून तो महाराजांच्या पायाशी ठेवी आणि मगच वाटीपाशी बसे.

त्या वर्षी सुभ्यात बंड झाले. किल्ल्याच्या बांधकामावर गावोगावच्या तरुणांना वेठीला धरून नेत, आणि नेलेल्यांतले निम्मे परत येत नसत. शेवटी लोक उठले. पण कुठे शाही फौज आणि कुठे कुदळी उगारलेले शेतकरी! आठ दिवसांत बंड मोडले. देहबादामच्या लोकांना घेऊन लढलेला यार अली तेवढा निसटला. हा यार अली म्हणजे म्हाताऱ्या मुरादचा एकुलता एक मुलगा.

सुभ्याचा बंदोबस्त लावायला सरदार तहमास बेग आला. माणूस शूर खरा, पण घमेंड अशी की विचारू नका! बरोबर धाकटा भाऊ सियावश होता. यार अली भुयारात लपला असावा असा सरदाराला वास लागलाच होता. भुयारात हवा जावी म्हणून वरून खणलेल्या विहिरी त्याने दगडी फरश्या टाकून बंद करवल्या. डोंगरमाथ्यावरची शेवटची एक राहिली होती, ती बघून बंद करायला त्याने सकाळीच सियावशला धाडले. मग भुयाराच्या मुखाशी मातीच्या टोपल्या आणि दगडांचे ढीग रचून गाव गोळा केले.

"यार अलीला माझ्यासमोर उभा करा," तहमास बेग म्हणाला. "नाहीतर हे मुख बुजवून टाकतो. आत तुंबलेल्या पाण्यात तो बुडेल आणि बाहेर तुम्ही तहानेनं मराल. बंदोबस्त म्हणतात तो हा!"

बायाबापड्या रडू लागल्या. कुणी म्हणाले, "सरदार, विचार करायला थोडी सवड तरी द्या."

सरदाराची नजर मुरादवर गेली. "हा पाण्यात तोंड घालून बसलेला म्हातारा काय करतो? वाट्या मोजतो? ठीक आहे! सहा वाट्या दिल्या. तलवारीची आण, सहावी बुडेल तेव्हाच पहिली टोपली पडेल, आधी नाही. आणि काय रे म्हाताऱ्या, तू त्या राख फासलेल्या बाबाच्या पाया पडतोस म्हणे? त्याला सांग, फुकटचं पाणी पितोस ते आज शेवटचं पिऊन घे!"

शिपाई खो खो हसले. मुरादने मान खाली घातली.

मुलगा कुठे आहे हे त्याला ठाऊक होते हो! आतच होता. सांगावे तर मुलाचे डोके उडणार, न सांगावे तर मुलगा बुडून मरणार. शेजारी कानाशी कुजबुजले, "मुरादचाचा, भोकाला चिमूटभर मेण लाव. वाटी सावकाश भरेल. काहीतरी मार्ग निघेल." पहिली वाटी पाण्यावर सोडून मुराद तसाच झाडाकडे धावला आणि त्याने महाराजांचे पाय धरले.

"बाबा, मेण लावू का? माझं पोर आत आहे!"

महाराजांनी त्याला उठवून उराशी धरले. त्यांचेही डोळे भरून आले होते. महाराज म्हणाले, "मुराद, वाटी मोजणं तुझं काम. बुडवणं तुझं काम कधीच नव्हतं. ते ज्याचं आहे त्याच्यावर सोड आणि नीट मोज."

म्हातारा परत येऊन बसला. मेण लावले नाही. पहिली बुडाली. "एक!" दुसरी, तिसरी. प्रत्येक आकडा तो खणखणीत उच्चारी. पाचवी बुडाली. सहावी वाटी पाण्यावर ठेवताना त्याने डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत देवाला हाक मारली.

वाटी भरू लागली. अर्धी भरली. काठोकाठ भरली!

आणि बुडेना!

अहो, काठापर्यंत पाणी आलेले, आणि वाटी कमळाच्या पानासारखी वर! गाव श्वास रोखून बघत राहिले. सूर्य कलला, झाडाची सावली हातभर सरकली, वाटी जागची हलत नाही!

"लबाडी!" सरदार ओरडला. त्याने वाटी उचलून उन्हात धरली. भोक लख्ख मोकळे, पलीकडचे आभाळ दिसत होते. त्याने ती स्वतःच्या हाताने पाण्यावर ठेवली. भरली, तरी वर! त्याने अंगठ्याने तळाशी दाबली. अंगठा काढताच टुणकन वर आली! आता शिपायांच्या तोंडचे हसू पळाले. "सरदार, आण घातलीत," एक जुना शिपाई हळूच म्हणाला. "वाटी बुडाल्याशिवाय टोपली पडायची नाही."

"खड्ड्यात गेली आण! टाका माती!" सरदाराने हात उगारला.

तेवढ्यात भुयारातून आवाज आला. "भाऊजान! भाऊजान, थांबवा!"

सरदार जागीच थिजला. आवाज सियावशचा होता!

अंधारातून कमरभर पाणी तुडवत एक माणूस बाहेर आला. त्याच्या पाठीवर सियावश, पाय मोडलेला. शेवटच्या विहिरीपाशी पावलांच्या खुणा दिसल्या म्हणून हा शहाणा शाबासकीच्या आशेने एकटाच दोरावरून आत उतरला होता. दोर तुटला आणि तो खाली आदळला. त्याला पाठीवर घेऊन कोसभर वाकून चालत आलेला माणूस होता यार अली.

तहमास बेगने भावाला उतरवून घेतले. वाटी बुडाली असती तर आपल्याच हुकमाने आपण कुणाला बुडवले असते, हे आता त्याच्या ध्यानात आले.

"शेवटची विहीर उघडी होती," तो कसाबसा म्हणाला. "चढून पळाला का नाहीस?"

"ह्याला घेऊन चढता येत नव्हतं," यार अली धापा टाकत म्हणाला, "आणि टाकून जाववेना."

"अरे, हा तुला धरायला आला होता!"

"हो. वाटेत त्यानंच सांगितलं."

त्याच क्षणी मागे परातीत 'डुब' असा आवाज झाला. सहावी वाटी बुडाली.

"सहा!" मुराद म्हणाला आणि मुलाच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला.

सरदार धावत झाडाकडे गेला, पागोटे काढून महाराजांच्या पायांवर ठेवले. "बाबा, मी बंदोबस्ताला आलो होतो, हातून भावाचा खून होणार होता. माफ करा!"

महाराज म्हणाले, "माझ्या पाया कशाला पडतोस? मी तर बसून होतो. घरचा जीव पणाला लागला असतानाही ज्याची मोजणी चुकली नाही, त्याच्या पाया पड. आणि माणसं बुडवून मुलूख शांत होत नाही, एवढं ध्यानात ठेव."

सरदाराने त्याच पावली दवंडी पिटवली. हत्यार ठेवील त्याला अभय, विहिरींवरच्या फरश्या काढा, वेठ बंद. पहिली कुदळ यार अलीने आणून ठेवली. ते ऐकून गावोगावचे लपलेले लोक डोंगरातून उतरू लागले. पंधरा दिवसांत सुभा शांत झाला, एकही टोपली माती न पडता!

आणि त्या दिवशी? दवंडीवाला निघाला तसा तहमास बेग मुरादपुढे गुडघे टेकून बसला आणि त्याने कपाळ थेट ओल्या मातीला लावले. सारे गाव बघत होते. मुराद बिचारा ओशाळून गेला. डोळे पुसत, हात जोडत तो म्हणाला, "सरदार, जरा बाजूला सरकता का? वाटी बुडालीय. पाळी बदलायची आहे."

आणि सुभ्याचा तो सरदार मान न उचलता, गुडघ्यांवरच बाजूला सरकला.