अंतोबानं काय सोडलं?

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी नदीच्या वळणावर एक गाव होतं. गाव लहान, पण भारी देवभोळं. तिथली एक रीत होती. आषाढी एकादशीला सगळ्यांनी देवळात जमायचं आणि चातुर्मासात आपण काय सोडणार, ते देवापुढे मोठ्यानं सांगायचं. कुणी गूळ सोडी, कुणी विडा. पोरं लबाड, ती कारलं सोडत.

या कामात अंतोबाचा हात धरणारा कुणी नव्हता. कांदा, लसूण, वांगं, दूध, पलंगावरची झोप, सगळं तो सोडायचा. सुटत नव्हता तो फक्त राग. उलट उपास वाढले की रागही वाढायचा. त्या चार महिन्यांत त्याच्या दारावरून मांजरसुद्धा जपून जाई.

मागच्या श्रावणात त्याचा नवा जावई घरी आला. येताना हौसेनं आपल्या मळ्यातली टोपलीभर वांगी घेऊन आला. अंतोबाच्या बायकोनं, सगुणानं, ती गुपचूप कोपऱ्यात सारली. पण जेवताना अंतोबाची नजर गेलीच.

"चातुर्मासात माझ्या घरात वांगी!" असं ओरडून त्यानं टोपली अंगणात भिरकावली. जावई भरल्या ताटावरून उठला आणि बायकोला, म्हणजे अंतोबाच्या गोदेला, घेऊन चालता झाला.

आता गोदेला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही साऱ्या मुलखाची चाल. पण जावयाचा निरोप आला, "त्या घरी मी तिला पाठवणार नाही." सगुणा रडून अर्धी झाली. अंतोबालाही घास गिळवेना. एकुलती एक लेक ती!

एकादशी आली. अंतोबा हात जोडून उभा राहिला. "देवा, या वर्षी मीठसुद्धा सोडतो. पण माझी लेक घरी येऊ दे."

देवळात रोज पोथी सांगणारे पुराणिकबुवा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "अंतोबा, पोथीत नरकाची तीन दारं सांगितलीत. कोणती रे?"

"काम, क्रोध, लोभ," अंतोबानं घडाघडा सांगितलं.

"मग त्यात वांग्याचं दार कुठं आहे?"

अख्खं देऊळ हसलं. अंतोबाचे कान लाल झाले. तो बुवांवर खेकसणार, तोच खांबाआड पदरानं डोळे पुसणारी सगुणा त्याला दिसली. त्याची मान खाली गेली.

"देवा, मीठ राहू दे," तो हळूच म्हणाला. "राग सोडतो."

"संध्याकाळपर्यंत हा नेम टिकला तरी पुष्कळ!" मागून कुणीतरी म्हणालं. अंतोबानं ओठ चावला, पण वळून पाहिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी तो लेकीच्या गावी गेला. विहीणबाई दारातच उभ्या. "या व्याही! आज काय फेकायला आलात?"

अंतोबानं उपरण्याला असा पीळ दिला, की ते फाटायचंच बाकी राहिलं. मग तो जावयापुढे वाकला. "जावईबापू, तुम्ही भरल्या ताटावरून उठलात, ते पाप माझं. देवाचं नाव घेऊन मी माझाच ताठा मिरवला. मला माफ करा."

जावई गडबडला. वडीलधारा माणूस वाकलेला त्याला बघवेना. "उठा मामा," तो म्हणाला, "आधी जेवा तरी." आणि आतून गोदा आली, ती गाठोडं काखेत मारूनच!

भाद्रपदात अंतोबाला नात झाली. ती रात्रंदिवस रडे, मिशा ओढी. आजोबा नुसते हसत.

कार्तिकीला सगळ्यांनी सोडलेल्या वस्तू पुन्हा धरल्या. बुवांनी विचारलं, "काय अंतोबा, राग परत घेणार ना?"

"नको बुवा," अंतोबा म्हणाला. "त्याच्या जागी आता पाळणा टांगलाय."

म्हणून बाळगोपाळांनो आणि थोरामोठ्यांनो, ध्यानात ठेवा: ताटातलं सोडून देव पावत नाही, मनातलं सोडावं लागतं.