लाडकी स्लाइड

प्रयोगशाळेत नुसती धमाल उडाली होती. लेझर मायक्रोस्कोपचं नवं सॉफ्टवेअर आलं होतं, क्षणात चित्र टिपणारं! पण विभागप्रमुख खांबेटे सर अडून बसले. "जुनं चालतंय ना? मग घाई कशाला?"

संशोधक मुक्ता हुज्जत घालत बसली नाही. तिने सरांचीच लाडकी स्लाइड मशीनवर चढवली आणि जुनं सॉफ्टवेअर सुरू केलं. ते रमतगमत चित्र टिपू लागलं. लेझरखाली फार वेळ राहिलं की पेशींचा रंग उडतो. बघता बघता हिरव्यागार पेशी फिकट व्हायला लागल्या.

"अगं, रंग चाललाय! थांबव, थांबव!" सर ओरडले.

बटणावर बोट ठेवून मुक्ता गोड हसली. "घाई कशाला, सर?"

नवं सॉफ्टवेअर सरांनी उभ्या उभ्या मंजूर केलं.