सावरलेलं विमान

एका तालुक्याच्या गावी इंजिनिअरिंगचं एक कॉलेज होतं. तिथे निनाद आणि रेश्मा हे दोघे शिकत होते. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून त्यांनी एक छोटं विमान करायला घेतलं. माणसानं ते नुसतं हातातून सोडायचं. मैदानाला फेरी मारून परत येऊन उतरायचं काम विमानानं स्वतः करायचं.

कॉलेजकडून मिळाल्या फक्त शुभेच्छा. मग टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचे पंख झाले, मोडक्या छत्रीच्या काड्यांनी ते ताठ राहिले. विमानाला वाट दाखवणारा प्रोग्राम रेश्मानं लिहिला. निनादचा हात रिमोटवर बसलेला. विमान भरकटलंच तर बटण दाबून ते ताब्यात घ्यायचं, हे त्याचं काम.

दोघांनी एक नियम केला होता. बटण दाबलं की निनादनं ओरडायचं, "घेतलं!" म्हणजे रेश्माला कळे, प्रोग्राम नेमका इथे चुकला. विमानात नोंद ठेवणारं यंत्र नव्हतं. ती आरोळी हीच त्यांची नोंद.

"एवढा बोंबलू नकोस, गाव जमा होईल," रेश्मा म्हणायची.

"तू नीट लिही, मी गप्प बसतो."

आरोळ्या हळूहळू कमी झाल्या. मग थांबल्याच.

शहरातल्या स्पर्धेत एकच कडक अट होती. रिमोटला हात लागला की विमान बाद. त्या दिवशी वारा होता. विमान डौलात निघालं, पण शेवटच्या वळणावर त्याचं नाक खाली गेलं आणि ते दगडासारखं घसरू लागलं. निनादचा अंगठा बटणावर कधी गेला, ते त्यालाही कळलं नाही. विमान सरळ झालं. त्यानं बटण सोडलं. शब्द ओठांपर्यंत आला होता. तो त्यानं गिळला.

"रिमोटला हात लावला होतास?" परीक्षकांनी विचारलं.

"नाही सर."

पहिल्या बक्षिसाची ढाल मिळाली, दोघांची नावं कोरलेली. रेश्मा नाचतच आली. "बघितलंस निन्या? पडत होतं आणि आपलं आपण सावरलं! लिहिताना माझीच खात्री नव्हती रे!"

निनाद हसला. हसताना त्याला तिच्या डोळ्यांकडे बघवेना.

उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सत्कार होता. नंतर रेश्मा धाकट्या वर्गांना शिकवू लागली, पडणारं विमान स्वतःला कसं सावरतं ते. ती फळ्यावर बाण काढायची आणि निनाद मागच्या बाकावर मान खाली घालून बसायचा. हे सगळं मी तिच्यासाठीच केलं, असं तो मनाशी म्हणे. ते खोटं आहे, हेही त्याला ठाऊक होतं. ढालीवर त्याचंही नाव होतं.

मग कॉलेजात विज्ञानाचा मेळावा भरला. शेजारच्या शाळेतली मुलं मैदानाच्या कडेला रांगेत येऊन बसली. वारा सुटला होता.

"आज रिमोट घ्यायचाच नाही," रेश्मा म्हणाली. "लोक म्हणतात, तू चोरून उडवतोस. होऊन जाऊ दे एकदा!"

निनादनं रिमोट हातात घट्ट धरला. "वारा आहे गं. आज राहू दे."

"त्या दिवशी नव्हता? का रे, माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

एक वाक्य पुरलं असतं. पण प्राचार्य बघत होते, पाहुणे बघत होते. निनादनं रिमोट टेबलावर ठेवला.

विमान सुटलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तसंच वळण आलं, तसंच नाक खाली गेलं. निनादचा अंगठा रिकाम्या मुठीवर दाबला गेला. विमान मुलांच्या रांगेत कोसळलं आणि मनवा नावाच्या चिमुरडीची भुवई फाटली. पांढऱ्या गणवेशावर रक्त ओघळलं.

दवाखान्यात मनवाला टाके पडले. रेश्मा तिच्या आईपुढे हात जोडून उभी राहिली. "काकू, चूक माझी आहे. प्रोग्राम माझा होता."

"डोळा वाचला बाई, तेवढं बघ. रडू नकोस," ती माउली म्हणाली आणि स्वतःच पदरानं डोळे पुसू लागली.

रेश्मा माफी मागत होती, आणि खरा अपराधी तिच्या पाठीमागे उभा होता. निनादला ते सोसवेना.

"रेश्मा," तो म्हणाला, "त्या दिवशी ते सावरलं नव्हतं. मी घेतलं होतं."

तिनं एक थप्पड मारावी, असं त्याला वाटलं. तिनं मारली नाही.

"तेव्हा पडू दिलं असतंस, तर थर्माकोल मोडला असता," ती म्हणाली. "एवढंच."

मग तिनं कोरड्या आवाजात विचारलं, "त्या वळणावर वारा कुठून होता?"

"पाठीमागून."

तिला लगेच उमगलं. प्रोग्राम विमानाचा वेग हवेच्या नव्हे, जमिनीच्या मानानं मोजायचा, आणि पाठीमागून वारा आला की तो जास्त भरे. विमान जोरात चाललंय, असं समजून प्रोग्राम मोटर मंद करी, आणि पंखांखालचा आधार जाई. तिथेच दवाखान्याच्या बाकावर लॅपटॉप उघडून तिनं ती चूक दुरुस्त केली. बाहेरून आलेला चहा निवायच्या आत काम झालं. इतकी लहान चूक होती ती.

निनादनं मनवाच्या आईची माफी मागितली. सगळ्यांना खरं सांगितलं, ढाल परत केली. तेव्हा कुणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालं, "पोरगा प्रामाणिक आहे हो!"

तो शब्द ऐकून निनाद तिथून उठून गेला.

तात्पर्य: जो सोबत्याची चूक त्याच्यापासूनच लपवतो, तो ती सुधारण्याची त्याची संधी चोरतो, आणि त्या चोरीची शिक्षा भलत्याच निरपराध जिवाला भोगावी लागते.