राधेच्या गालावरचं फूल

"पण पुसलंत कशाला, आबा?"

शाल्मलीने हातातला ब्रश खाली ठेवला नाही. आबा चितारींनी खोबरेलात भिजवलेलं फडकं बाबल दळवीच्या गालावरून फिरवलं, आणि पाच पाकळ्यांचं लालबुंद फूल गेलं. सकाळपासूनचं हे तिसरं.

"परत काढ," आबा म्हणाले.

"चूक काय झाली ते सांगा. मग काढते."

आबा सांगत नसत. सात महिन्यांत त्यांनी तिला शिकवलं ते एवढंच. ब्रशच्या पोटात पांढरा रंग भर, टोकाला लाल घे. टेकव. दाब. उचल. झाली पाकळी. पुण्यात चित्रकलेत पहिली आलेली ही मुलगी. तिला पाकळी आठवड्यात जमली. मग ती केळीच्या पानांवर काढून झाली, करवंट्यांवर झाली, स्वतःच्या गुडघ्यावर झाली. उरलेले महिने ती आबांच्या तोंडून एक 'छान' ऐकायला थांबली होती. म्हातारा फार चिवट होता.

खाडीकाठच्या त्या गावात शिमग्याच्या दिवशी एकच तोंड रंगवतात, राधेचं. दोन गालांवर दोन फुलं. ती आजवर आबांनी काढली. साडी नेसून ही राधा एकतीस वर्षं बाबलने नाचवली. पण गेल्या पावसाळ्यानंतर आबांचा हात थरथरायला लागला, आणि कार्तिकात बाबलच्या तोंडावरून वारं गेलं. डावा गाल लोंबला, ओठाचा कोपरा खाली उतरला. बोलणं तेवढं शाबूत राहिलं.

आबा शाल्मलीला म्हणाले होते, "बाबलाचा तोंड रंगव. रंगवलंस तर ह्यो ब्रश तुझो."

नाहीतर काय, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. तिला कळलं होतं.

तो दिवस आज होता. चार वाजता देवळापुढे ढोल लागणार होते.

"दोरा लावून बघा," शाल्मली म्हणाली. "नाकापासून तीन बोटं, कानापासून तीन बोटं. केसाचाही फरक नाही."

आबांनी खरंच दोरा घेतला. पुसलेल्या फुलाच्या खुणेवर तो या बाजूने लावला, त्या बाजूने लावला.

"बरोबर असा," ते म्हणाले.

"मग?"

बाबल उठला. त्याने पंच्याने तोंड पुसलं.

"माका नाचूचा नाय. देवळात सांगा, माझ्या भाच्याक उभो करा."

"का पण? मी काय केलं?" शाल्मलीने विचारलं.

"काय नाय गो. तुझो हात बरो असा." एवढं बोलून तो पायऱ्या उतरून गेला.

शाल्मलीचे डोळे भरून आले, रागाने. एकतीस वर्षांचं काम तिच्या हातून मोडलं होतं, आणि कसं मोडलं ते कोणी सांगत नव्हतं.

"मी जाणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही हाकललंत तरी जाणार नाही. चूक कळल्याशिवाय नाही."

"बस हय," आबा म्हणाले.

"कुठे?"

त्यांनी बाबल बसला होता तो पाट दाखवला. ती बसली. आबांनी ब्रश उचलला. त्यांचा हात इतका थरथरत होता की ब्रश वाटीच्या काठावर टकटक वाजला.

"डोळे मिटू नको."

ब्रश गालाला लागला. थंड आणि ओला. पाकळी गालावर नुसती भरकटते आहे, हे तिला कळत होतं. ही पाकळी तिने काढली असती तर तिनेच पुसली असती. पण तिला दिसत होता तो आबांचा चेहरा. भुकेला माणूस वाढलेल्या ताटाकडे बघतो तसे ते तिच्याकडे बघत होते. सात महिन्यांत त्यांनी तिच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. ती गोंधळली, मग नकळत हसली. पाकळी आणखी सरकली. आबा थांबले नाहीत.

"झाला," ते म्हणाले. "जा. बाबलाक घेवन ये."

आबांच्या पडवीत आरसा नाही. कधीच नव्हता. राधा रंगून बाहेर पडते ती स्वतःला न बघताच.

शाल्मली तशीच निघाली. गालाला हात लावायचा मोह तिने दोनदा आवरला. वाटेत मासे विकणारी ताराबाई टोपली उतरवून बघत राहिली. "अगो बाय!" एवढंच म्हणाली आणि हसली. ते हसू चांगलं की कसलं, हे शाल्मली तिच्या तोंडावर शोधत राहिली.

बाबल अंगणात वाळलेली कोळंबी, सुकती, सोलत बसला होता.

"आबान काढल्यान?"

"हो. कसं आहे?"

"थांब गो. बघूक दी."

तो बघत राहिला. शाल्मली त्याच्या डोळ्यांकडे, कपाळाकडे, त्या उतरलेल्या ओठाकडे बघत राहिली. आपल्या गालावर काय आहे ते तिला फक्त तिथे दिसणार होतं. बाबलचा उजवा ओठ हसला. मग डावाही हलला, जेमतेम.

"बरा असा," तो म्हणाला.

"बाबलकाका… मी रंगवत होते तेव्हा तुम्ही कुठे बघत होतात?"

"खय बघतलंय? तुझ्या तोंडाकडे."

"आणि?"

बाबलने एक सुकत सोलली, मग दुसरी.

"मयताक इलेली माणसा बघतत," तो म्हणाला, "तशी बघत होतस."

तिला लाज वाटली. इतकी, की उठून थेट एसटी पकडावी. तीन वेळा ती त्याच्यापुढे बसली होती, तीन वेळा 'हलू नका' म्हणाली होती, आणि मनात प्रत्येक वेळी एकच, बिचारा. हा गाल कसा झाकावा?

ती उठली नाही. अंगणात त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"पुन्हा बसा. एकदा."

"नाय."

"मग मी इथेच आहे."

"रव," बाबल म्हणाला आणि सुकती सोलू लागला.

ऊन अंगणभर आलं. बाबलच्या बायकोने तिला पेज आणून दिली. ती तिने खाल्ली आणि तिथेच बसली. दोन वाजले.

"आता उठतलंस की नाय?" बाबलने विचारलं.

"राधा चालते कशी ते मी अजून बघितलेलं नाही."

"आता कसला चालणा…"

"एकतीस वर्षं चाललात. चार पावलं चाला."

बाबलने सुकती बाजूला सारल्या. उठला. लुंगीचा सोगा दोन बोटांत धरला, मान किंचित कलती केली आणि चालायला लागला. तुळशीपर्यंत जाईतो तो बाबल राहिलाच नाही. लोंबलेल्या गालाचीच एक बाई तिथे होती, खट्याळ, तोऱ्यात, नवऱ्याशी भांडून आलेली. वळताना तिने असं वेडावून दाखवलं की शाल्मली खदखदून हसली.

"काकी, ह्यांना साडी द्या," ती ओरडली. "चला बाबलकाका, उशीर होतोय!"

बाबलने तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. बराच वेळ.

"चल," तो म्हणाला.

ते पडवीत आले तेव्हा साडेतीन वाजले होते. आबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी काही विचारलं नाही. दोरा पाटाजवळ पडला होता, तो शाल्मलीने पायाने बाजूला सारला.

"बोलत राहा," ती बाबलला म्हणाली. "आणि हलायचं तेवढं हला."

बाबल बोलत राहिला. एका शिमग्यात राधेचा पदर पेटला होता, ती गोष्ट. शाल्मलीने करंगळी त्याच्या हनुवटीवर टेकवली. टेकव, दाब, उचल. पदर पेटला तिथे ती हसली, खेळातला सासरा पळाला तिथे हसली. गाल तिच्या ब्रशखाली हलत होता आणि ब्रश गालामागे जात होता. डावीकडची तिसरी पाकळी काढताना बाबलने मध्येच मान झटकली. पाकळी खाली ओघळली, ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. शाल्मली थबकली नाही. चौथी काढली, पाचवी काढली, मध्ये पिवळं टिंब ठेवलं.

"झालं."

बाबलने तिच्याकडे बघितलं. कसं झालं, हे त्याने विचारलं नाही. पदर खोचला आणि पायऱ्या उतरून गेला.

देवळापुढे ढोल लागले. पडवीतून रस्ता दिसत होता. पोरं ओरडत होती, बाया दारात आल्या होत्या, आणि मधोमध राधा कमरेवर हात ठेवून सगळ्या गावाला डोळे मोडत होती.

शाल्मली ब्रश धुवायला बसली.

"आबा, डाव्या गालावरचं फूल बिघडलं. तिसरी पाकळी ओठापर्यंत ओघळली. मला कळलं होतं, तरी मी पुसलं नाही. पुसायला हवं होतं का?"

आबांची नजर राधेवरून हलली नाही. राधा वळली, तसे ते गालातल्या गालात हसले.

"फूल?" आबा म्हणाले. "खयचा फूल?"