दंडाचा फटका

“चेंडू खरंच हलला हुता का रं?”

अंकुश नुकताच येऊन टेकला होता. पाणीही घेतलं नव्हतं. गेनबा वस्तादांनी मान वर न करता विचारलं. त्यांच्यापुढे बादली होती आणि मैदानातल्या तळ्यातून काढलेले गोल्फचे चेंडू ते एकेक करून धूत होते.

“वस्ताद, हे आज का विचारताय? सगळ्या जगानं बघितलं.”

“जगानं तुझा वर गेलेला हात बघितला. चेंडू कुणी बघितला?”



गोल्फ हा तसा विचित्रच खेळ. पंच कुठंतरी लांब उभा. आपल्या धक्क्यानं चेंडू तसूभर जरी हलला, तरी ते आपणच सांगायचं आणि दंडाचा एक फटका मुकाट्यानं आपल्या नावावर घ्यायचा. आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा होत्या, परका मुलूख होता, चौथा आणि शेवटचा दिवस होता. अंकुश गवारे अठरापैकी सोळाव्या होलला पहिल्या नंबरासाठी बरोबरीत होता. उंच गवतात चेंडूमागे स्टिक टेकवताना तो थबकला, हात वर केला आणि म्हणाला, चेंडू हलला. शेवटी तो हरला तो नेमका एका फटक्यानं. सुवर्ण गेलं, रौप्य हाती आलं.

पेपरवाल्यांना पदकापेक्षा तो वर केलेला हातच जास्त आवडला. असा प्रामाणिक खेळाडू होणे नाही, वगैरे वगैरे. उद्या क्लबात सत्कार होता. शाल, नारळ, भाषणं, सगळं ठरलं होतं.

आणि पुढच्या रांगेत शालनवहिनी बसणार होती. अंकुश आज इथं आला होता तो तिच्यामुळेच.

त्याचा थोरला भाऊ मधुकर याच मैदानावर वीस वर्षं कॅडी होता. साहेबलोकांच्या पिशव्या वाहून त्याचा खांदा एका बाजूला कायमचा कलला होता. अंकुशच्या हातात पहिली स्टिक दिली ती त्यानंच. अंकुश निघाला तेव्हा तो इस्पितळात होता. स्पर्धेच्या चौथ्या दिवशी, दुपारी, तो गेला. तेरावा परवाच झाला.

“वस्ताद, न्हाई हलला चेंडू,” अंकुश शेवटी म्हणाला.

“म्हायतीये. तुझ्या स्टिकांची पिशवी घेऊन मी दोन पावलांवर उभा हुतो.”

“मग तेव्हा बोलला का न्हाई?”

“तू दंड कशाचा भरतुयास, तेच मला कळंना.”

…

अंकुशनं खिशातलं पदक बाहेर काढलं, पुन्हा आत ठेवलं. ते वस्तादांच्या पायावर ठेवायचं म्हणून त्यानं आणलं होतं. आता हात होईना.

“दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनीचा निरोप आला होता फोनवर,” तो म्हणाला. “भावजी, यांचं काय खरं न्हाई. सारखं तुमचंच नाव घेत्यात. असाल तसं निघा…”

“मग?”

“मी पहिल्या नंबरावर होतो, वस्ताद.”

वस्तादांनी एक चेंडू उजेडाकडे धरून पाहिला आणि पुन्हा पाण्यात टाकला.

“निघालो असतो तर भेट झाली असती. पुरता दीड दिवस हातात होता. मी निरोप पुसून टाकला. फोन तुमच्याकडं दिला.”

“व्हय. तवाच मनात आलं, ह्यो कधी फोन देत न्हाई, आज का देतुय?”

“मला वाटलं, तेवढं सुवर्ण सोडलं की झोप लागंल.”

“लागली?”

अंकुशनं नकारार्थी मान हलवली. डोळे भरून आले होते, पण रडायला तो इथं आला नव्हता. त्याचं काम वेगळंच होतं, आणि ते तोंडातून काढणं त्याच्या जिवावर आलं होतं. ज्या माणसानं त्याला उभं राहायला शिकवलं, ज्यानं सत्तराव्या वर्षी त्याची पिशवी खांद्यावर घेऊन चार दिवस परमुलखात पायपीट केली, त्याच्याकडे असलं काही मागायचं म्हणजे हद्दच होती. त्याला लाज वाटत होती. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

“वस्ताद, मी वहिनीला सांगितलंय की फोन पहिल्यापासनं तुमच्याकडंच होता. निरोप तुम्हीच ऐकला. माझा खेळ बिघडू नये म्हणून तुम्ही दडवला. मला काय पत्ताच नव्हता…”

“आसं सांगितलंस?”

“तोंडातनं गेलं. ती तुम्हाला विचारील. उद्याच विचारील, सत्काराच्या आधी. तुम्ही फक्त हो म्हणा. एवढं एकदा मला वाचवा.”

मैदानावर कुणीतरी जोरात फटका मारला. चेंडू कुठं पडला ते दोघांनीही पाहिलं नाही.

“शालन सकाळीच यिऊन गेली,” वस्ताद म्हणाले.

अंकुशनं झटकन वर पाहिलं.

“काय विचारलं?”

“तू म्हणतुयास त्येच.”

“आणि तुम्ही…?”

“व्हय म्हटलं.”

…

अंकुशला एकदम हलकं वाटलं. इतकं हलकं, की त्याची त्यालाच शरम वाटली. कसंबसं पुढं सरकून त्यानं वस्तादांच्या पायाला हात घातला.

वस्तादांनी पाय मागे घेतले.

“लई बोलली का?” अंकुशनं खाली बघत विचारलं.

“बोलली. मुडदा बशिवला म्हणाली माझा. म्हणाली, दोन दिस दाराकडं बघत पडला हुता त्यो, त्येचा जीव तुमच्यापायी अडकला. सगळं बोलली. मी ऐकून घेतलं.”

“मग?”

“मग रडली. ह्या इथंच बसून, लई वेळ. मी तांब्या भरून दिला. घील असं वाटलं नव्हतं, पर घेतला, माझ्या हातचं पाणी प्याली.”

“जाताना काय म्हणाली?”

“म्हणाली, तुम्ही पोराच्या भल्यासाठीच केलं असंल. मी मनात न्हाई ठेवत.”

अंकुशनं हातानं तोंड पुसलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यानं छातीभर श्वास घेतला.

“म्हणजे वस्ताद… मिटलं म्हणायचं?”

वस्तादांनी बादलीतलं गढूळ पाणी गवतावर ओतलं.

“माझं मिटलं,” ते म्हणाले. “तिनं मला माफ केलं.”