सिंकबुवा, गळू नका!

एक होती मुंगी. एवढीश्शी. तिळाएवढी. म्हणून तिचं नाव तिळी.

एका घरात राहायचे आई, बाबा आणि आजोबा. त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली तिळीचं घर होतं. तिथल्या भिंतीच्या फटीत. वर होतं जुनं सिंक. तिळी त्याला म्हणायची सिंकबुवा. सिंकबुवा फार गळायचे. टप टप! टप टप! खाली बादली होती. पाणी बादलीत पडायचं. तिळी घरात झोपायची. छान चाललं होतं.

एकदा काय झालं? बादली भरली. काठोकाठ भरली. आणि सांडली. खळ्ळ!

पाणी शिरलं तिळीच्या घरात. तिळीचं अंथरूण भिजलं. तिळीचा साखरेचा दाणा विरघळला. एकच तर दाणा होता! तिळीला रडूच आलं.

मग तिनं डोळे पुसले. आणि निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

तिळी गेली सिंकबुवांकडे.
"सिंकबुवा, सिंकबुवा, गळू नका ना!
माझं घर वाळेना."
सिंकबुवा म्हणाले, "नाही गळणार. पण मला पडलीय भेग. आधी नवं सिंक येऊ दे."
"मग तुम्ही कुठे जाल?"
सिंकबुवा नुसते गळले. टप.

तिळीला कसंसंच झालं. पण घर तर ओलं होतं. तुरु तुरु, तुरु तुरु.

तिळी गेली बाबांकडे.
"बाबा, बाबा, नवं सिंक आणा ना!
नवं सिंक येईना, म्हणून गळणं थांबेना.
गळणं थांबेना, म्हणून माझं घर वाळेना."
बाबा म्हणाले, "आणीन की! पण केवढं आणू? आधी आईला माप देऊ दे."

तुरु तुरु, तुरु तुरु. तिळी गेली आईकडे.
"आई, आई, माप द्या ना!
माप मिळेना, म्हणून नवं सिंक येईना.
नवं सिंक येईना, म्हणून गळणं थांबेना.
गळणं थांबेना, म्हणून माझं घर वाळेना."
आई म्हणाली, "देईन की! पण माझी मोठी परात सिंकमध्ये आडवी मावली पाहिजे. ती गेलीय शेजारी, कुंदाकाकूंकडे. आधी परात येऊ दे."

तुरु तुरु, तुरु तुरु. तिळी गेली कुंदाकाकूंकडे.
"काकू, काकू, परात द्या ना!
परात येईना, म्हणून माप मिळेना.
माप मिळेना, म्हणून नवं सिंक येईना.
नवं सिंक येईना, म्हणून गळणं थांबेना.
गळणं थांबेना, म्हणून माझं घर वाळेना."
काकू म्हणाल्या, "अगंबाई! रिकामी परात कशी देऊ? कुणाचं भांडं रिकामं परत करतात का? आधी लिंबोणीला लिंबं देऊ दे."

मोठ्या माणसांचं हे असंच. 'आधी' आणि 'मग' फार. तिळीनं एक मोठ्ठा श्वास घेतला. तुरु तुरु, तुरु तुरु.

तिळी गेली दोन्ही घरांच्या अंगणात, लिंबोणीच्या झाडाकडे.
"लिंबोणी, लिंबोणी, लिंबं दे ना!
लिंबं मिळेनात, म्हणून परात येईना.
परात येईना, म्हणून माप मिळेना.
माप मिळेना, म्हणून नवं सिंक येईना.
नवं सिंक येईना, म्हणून गळणं थांबेना.
गळणं थांबेना, म्हणून माझं घर वाळेना."
लिंबोणी म्हणाली, "देईन गं. पण बघ ना, माझी पानं कोमेजली. फार तहान लागलीय. आधी बादलीला पाणी देऊ दे."

बादली? कुठली बादली? अहो, तीच! सिंकबुवांच्या खालची! तिळी फिरून फिरून आपल्याच दाराशी आली.

"बादली, बादली, पाणी दे ना!
पाणी मिळेना, म्हणून लिंबं मिळेनात.
लिंबं मिळेनात, म्हणून परात येईना.
परात येईना, म्हणून माप मिळेना.
माप मिळेना, म्हणून नवं सिंक येईना.
नवं सिंक येईना, म्हणून गळणं थांबेना.
गळणं थांबेना, म्हणून माझं घर वाळेना."
बादली म्हणाली, "देईन की! मी तर काठोकाठ भरलेय. पण मला कुठे पाय आहेत? आधी कुणाला तरी उचलू दे."

कोण उचलणार? बादली रिकामी करायचं काम आजोबांचं. आणि आजोबा खुर्चीत झोपलेले. घुर्रर्र, घुर्रर्र!

तिळी विचारात पडली. चावू का? छे! त्यांना दुखेल. हाक मारू का? एवढासा माझा आवाज. मग?

तिळी आजोबांच्या पायावर चढली. अंगठ्यावर गेली. आणि केल्या गुदगुल्या. गुदुगुदु, गुदुगुदु!

"ही ही ही!" आजोबा जागे झाले. "अरेच्चा! माझी बादली राहिलीच की!"

मग काय!
आजोबांनी बादली उचलली.
बादलीनं पाणी दिलं. गटागटा!
लिंबोणीनं लिंबं दिली. टप्प, टप्प, टप्प!
काकूंनी परात दिली. लिंबांनी भरून.
आईनं माप दिलं. "ही परात मावेल, एवढं!"
बाबा परात घेऊनच दुकानात गेले. एका सिंकमध्ये ठेवली. मावेना! दुसऱ्या सिंकमध्ये ठेवली. मावेना! तिसऱ्या सिंकमध्ये ठेवली. मावली!
प्लंबरकाकांनी नवं सिंक बसवलं. खटखट, खर्रर्र!
गळणं थांबलं.
तिळीचं घर वाळलं.

पण सिंकबुवा? सिंकबुवा अंगणात पडले होते. उताणे. एकटे. बाबा म्हणाले, "याला भेग आहे. भंगारात देऊ."

तिळी दारातच थांबली. घर वाळलं होतं, तरी तिला घरात जावंसं वाटेना.

तेवढ्यात आई बाहेर आली. हातात तांदूळ धुतलेलं पाणी. आईनं लिंबोणीकडे पाहिलं. मग सिंकबुवांकडे पाहिलं.

"भंगारात कशाला? भेग आहे, तेच बरं आहे," आई म्हणाली. तिनं सिंकबुवांना लिंबोणीच्या बुंध्याशी ठेवलं. त्यांच्यात पाणी ओतलं. भेगेतून पाणी मुळांवर पडू लागलं. टप टप! टप टप!

संध्याकाळी सगळ्यांनी लिंबाचं सरबत केलं. आईच्या चमच्यातून साखरेचा एक दाणा पडला. टिच्च! तो कोणाचा? तिळीचा!

तिळीनं दाणा डोक्यावर घेतला. पण घरी नाही गेली. आधी गेली अंगणात. तुरु तुरु, तुरु तुरु.

"सिंकबुवा, सिंकबुवा, गळताय ना?"
"गळतोय की!"
"गळा हं," तिळी म्हणाली. "छान गळा."

टप टप. टप टप.
लिंबोणी प्यायली, दाणा पोचला घरी,
आता मिटा डोळे, गोष्ट झाली पुरी.