अडकलेल्या पत्रांची यादी

“पण ‘लवकरच’ म्हणजे कधी, बुवा?”

मुकुलचा आवाज चढला होता. संगणकाची मोठी नोकरी सोडून तो मठात आला होता, आणि सोडल्याचा त्याला थोडा अभिमानही होता.

मठाचे केवलबुवा ऐकत होते.

लोक आपली दुःखं बुवांना ईमेलने कळवत. ती सगळी पत्रं मुकुल एका कंपनीकडे हलवत होता. तिथे ठेवलेलं पत्र खुद्द कंपनीलाही उघडता येत नसे. मठाच्या संगणकावर त्याने विंडोज काढून लिनक्स ही खुली प्रणाली घातली होती, तीही याचसाठी. कुणाची नजर नको.

“विंडोजसाठी या कंपनीचा पत्रं चढवायचा प्रोग्राम आहे. ॲपलसाठी आहे. लिनक्सवाल्यांना चार वर्षं नुसतं ‘लवकरच’! एकेक पत्र हाताने चढवायचं, आणि ते मध्येच अडकतं. मदत मागितली, तर म्हणतात, विंडोजवर करून पाहा. पाळत नको म्हणून जे तिथून निघाले, त्यांनाच हे परत तिकडे पाठवतात!”

“राग आलाय.”

“येणार नाही? ही पत्रं सांभाळायचा शब्द दिलाय मी तुम्हाला.”

“मग काय केलंस?”

मुकुल सरसावून बसला. “त्यांच्या फोरमवर लिहिलं. सगळ्या जगाला दिसेल असं. चांगलं सुनावलंय.”

“वाच.”

त्याने वाचून दाखवलं. मजकूर खरोखर धारदार होता. बुवा एकदा हसलेसुद्धा.

“आणि खाली हे चित्र कसलं?”

“पुरावा. अडकलेल्या पत्रांची यादी. नाहीतर म्हणाले असते, हा उगाच ओरडतोय.”

बुवांनी चष्मा लावला. पडद्यावर बोट ठेवून ते सावकाश वाचू लागले.

“शालन येवले... मुलगी दत्तक... तिला सांगितलेलं नाही.”

“ते फाइलीचं नाव आहे,” मुकुल हळू म्हणाला. “शोधायला सोपं जावं म्हणून मीच... पण पत्र आत बंद आहे, बुवा. पत्र कुणालाही वाचता येणार नाही.”

बुवांनी बोट उचललं नाही.

मुकुलने चित्र काढून टाकलं.

“किती जणांनी पाहिलं?”

“एकशे बारा.” तो थांबला. “बहुतेक परदेशीच असतील. मराठी कुणाला येतंय?”

“तिच्या मुलीला येतं.”

मुकुल पुन्हा कीबोर्डकडे वळला.

“मी कंपनीला कळवतो. त्यांच्याकडे प्रत राहिली असेल तर...”

“कळव. आज मंगळवार. दर मंगळवारसारख्या शालनबाई येतीलच.”

“त्यांना... तुम्ही सांगाल?”

“नाही.”

“मी दुपारच्या एसटीने घरी जातो, बुवा. मी या कामाच्या लायकीचा नाही.”

“आधी त्यांना भेट.”

“भेटून काय सांगू? माफी मागेन. पण त्यांनी माफ केलं नाही तर?”

बुवा उठले. भिंतीशी गुंडाळून ठेवलेली चटई त्यांनी आणली आणि शालनबाईंसाठी मुकुलच्या समोर अंथरली.

“तू आजवर कुणालाच न सांगितलेलं काहीतरी त्यांना सांग,” ते म्हणाले. “म्हणजे तुझंही गुपित त्यांच्या हाती राहील. आणि मग इथेच राहा.”